कादंबरीकार आणि धर्मपीठ

१९०१ सालच्या फेब्रुवारीत रशियाच्या पवित्र धर्मसभेने एक पत्रक काढले आणि काउंट लिओ टॉलस्टॉय हे यापुढे ऑर्थोडॉक्स चर्चचे सभासद नाहीत, असे जाहीर केले. ते पत्रक छापून आले त्याच दिवशी मॉस्कोच्या एका चौकात जमावाने टॉलस्टॉय यांना ओळखले आणि त्यांचा जयजयकार केला. धर्मपीठाने ज्याला बाहेर काढले, त्याला लोकांनी डोक्यावर घ्यावे, ही किमया कशाची?

टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ साली यास्नाया पोल्याना येथे एका उमराव घराण्यात झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. तारुण्यात त्यांनी सैन्यात चाकरी केली. 'युद्ध आणि शांती' व 'अ‍ॅना कॅरेनिना' या कादंबऱ्यांनी त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले. परंतु पन्नाशीच्या सुमारास जगण्याच्या अर्थाविषयीच्या प्रश्नांनी त्यांना ग्रासले. त्यांनी प्रथम चर्चचाच आश्रय केला. उपवास केले, मठांच्या वाऱ्या केल्या, धर्मशास्त्र अभ्यासले. युद्धाला आणि फाशीला आशीर्वाद देणारी संस्था ख्रिस्ताची असू शकत नाही, या निष्कर्षाला ते अखेर येऊन पोहोचले.

येथे रशियातील धर्मव्यवस्थेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. पीटर द ग्रेटने सर्वोच्च धर्मगुरूचे पद मोडीत काढून १७२१ साली ही धर्मसभा स्थापन केली. तिच्यावर देखरेख करणारा अधिकारी धर्मगुरू नसे. तो झारने नेमलेला सरकारी माणूस असे. १८८० ते १९०५ या काळात ते पद पोबेदोनोस्त्सेव यांच्याकडे होते. साहजिकच चर्चवरील टीका ही राजसत्तेवरीलही टीका ठरे. टॉलस्टॉय यांचे आत्मनिवेदनपर लेखन १८८२ साली सेन्सॉरने रोखले, ते यामुळेच.

मात्र खरा आघात केला तो १८९९ सालच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीने. आपण भ्रष्ट केलेली स्त्री आरोपी म्हणून समोर उभी असलेली एका उमराव ज्यूररला दिसते, तेथून ही कथा सुरू होते. तुरुंगातल्या प्रार्थनेचा प्रसंग तर विलक्षण आहे. बेड्या घातलेले कैदी, सरकारी पगारावरचा पुरोहित आणि नित्याचा विधी, हे सारे टॉलस्टॉय प्रथमच पाहणाऱ्या परक्या माणसाच्या डोळ्यांनी वर्णन करतात. पोबेदोनोस्त्सेव यांची छायाही एका पात्रात स्पष्ट दिसते. रशियातील आवृत्तीत तो प्रार्थनेचा भाग जवळजवळ संपूर्ण कापला गेला. समग्र पुस्तक इंग्लंडमध्ये छापावे लागले. कादंबरीचे उत्पन्न त्यांनी दुखोबोर पंथीयांना दिले. लष्करी सेवा नाकारल्यामुळे छळ सोसणारे सुमारे साडेसात हजार दुखोबोर त्याच वर्षी कॅनडात गेले.

प्रबंधाला प्रबंधाने उत्तर देता येते. पण वाचकाने त्या तुरुंगात स्वतः उभे राहून जे पाहिले, ते कोणत्याही पत्रकाने पुसता येत नाही. कादंबरीने लोकांची श्रद्धा हिरावून घेतली नाही. श्रद्धा आणि धर्मखाते या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे दाखविले. सत्तेला भय वाटते ते याच भेदाचे.

अर्थात कादंबरी म्हणजे साक्षीपुरावा नव्हे. चर्चमध्ये दिलासा शोधणाऱ्या असंख्य भाविकांना 'पुनरुत्थान'मध्ये न्याय मिळालेला नाही. याच लेखणीने 'अ‍ॅना कॅरेनिना'त लेव्हिनचा कबुलीजबाब ऐकणारा एक प्रेमळ, वृद्ध धर्मोपदेशक रंगविला होता, हे विसरता कामा नये. सुजाण वाचकाने दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

१९१० साली घर सोडून निघालेले टॉलस्टॉय अस्तापोवो येथील स्टेशनमास्तरच्या घरात मरण पावले. समेटाच्या आशेने आलेल्या मठातील वृद्ध साधूला त्यांची भेट मिळाली नाही. यास्नाया पोल्यानाच्या झाडीत, धर्मविधीवाचून आणि क्रूसावाचून त्यांचे दफन झाले. पुढे सात वर्षांत झारशाही कोसळली. चर्चने मात्र आपला निर्णय आजतागायत मागे घेतलेला नाही. त्या साध्या मातीच्या उंचवट्यापाशी माणसे अद्याप जातात. निकाल कोणाचा टिकला, हे त्यांनी केव्हाच ठरविले आहे.