कविवर्य नारायण वामन टिळक

नाताळ समीप आला की भजनमंडळ्या पेटी, तबला व टाळ घेऊन तालमीस बसतात. एखादी मंडळी आपल्या नाताळगीतांची ध्वनिमुद्रिका काढावयाची ठरवते, तेव्हा परगावच्या गायकांसही पाहुणे म्हणून बोलावते. वाद्ये बदलतात, गळे बदलतात; परंतु मराठी ख्रिस्ती गीतांचा संग्रह उघडला की एक नाव पुन्हा पुन्हा दृष्टीस पडते. ते नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे होय.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील तापट होते. आई जानकीबाई मात्र प्रेमळ व काव्याची आवड असलेल्या होत्या. मातृवियोगानंतर हा पोर घर सोडून नाशिकास आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील मनकर्णिका गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या.

१८९३ साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका पाश्चात्त्य गृहस्थाने त्यांस बायबल वाचण्याचा आग्रह केला. वाचन, मनन व अंतःकरणातील झगडा यांत दोन वर्षे गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. या एका दिवसाचे मोल फार जबर होते. आप्त दुरावले, पत्नी व लहानगा दत्तू यांची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई नगरास परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला.

आप्त सुटले, तरी टिळकांनी आपली भाषा सुटू दिली नाही. त्या काळी उपासनेत इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीते पुष्कळ गात. ती खेड्यातील मनुष्याच्या जिभेवर सहज बसत नसत. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाची वाट आधीच धरली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. ज्ञानोबा-तुकोबांचा अभंग त्यांनी ख्रिस्तचरणी वाहिला. परभणीच्या वाचकांस याचे मर्म सांगणे नलगे. नाशिकाहून वाहत येणारी गोदावरी ज्या गंगाखेडावरून पुढे जाते, ते संत जनाबाईंचे गाव. दळताकांडताही देवाशी बोलता येईल अशी जी भाषा जनाबाईंची, तीच टिळकांनी आपली मानिली.

‘फुलामुलांचे कवी’ म्हणून त्यांची ख्याती झाली. बालकवी ठोंबरे यांस त्यांनी आपल्या घरी पुत्रवत् सांभाळिले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक यावेत, ही त्यांची मनीषा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेविला. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ज्या पत्नीस शाळा ठाऊक नव्हती, जिला पतीनेच अक्षरओळख करून दिली, तिने ते पुढे नेले आणि १९३८ साली ते प्रसिद्ध झाले.

विद्यार्थिमित्रहो, यंदा नाताळच्या कार्यक्रमास बाहेरचा कोणी गायक आपल्या मंडळीत येऊन बसेल, तेव्हा त्यास परका मानू नका. ज्या कवीस एके काळी स्वकीयांनी परके केले, त्यानेच आपल्या दरबाराचे दार सर्वांसाठी उघडे ठेविले होते. गीत चांगले पाठ करा, शब्द स्पष्ट उच्चारा आणि पाहुण्यास ध्रुपदात सामील करून घ्या; टिळकांचे स्मरण याहून निराळे कोणते असावे?