विश्लेषण : चांदीवर हातोडीचे ठसे का ठेवले? जॉर्ज जेन्सन यांची कंपनी त्यांच्याच हातून कशी गेली?

डेन्मार्कमधील चांदीच्या वस्तूंचा ‘जॉर्ज जेन्सन’ हा प्रसिद्ध ब्रँड फिनलंडच्या फिस्कर्स समूहाने २०२३ मध्ये विकत घेतला. नाव एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, हे या कंपनीला नवे नाही. खुद्द जेन्सन यांच्या हयातीतच कंपनीचा ताबा त्यांच्याकडून गेला होता.

कोण होते जॉर्ज जेन्सन?

कोपनहेगनच्या उत्तरेला चाकूंच्या कारखान्याभोवती वसलेल्या एका छोट्या वस्तीत ३१ ऑगस्ट १८६६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील याच कारखान्यात पाती घासून धार लावण्याचे काम करत. चौदाव्या वर्षी जॉर्ज कोपनहेगनमधील सोनाराकडे उमेदवारीला लागले. मात्र त्यांना व्हायचे होते शिल्पकार. १८८७ मध्ये त्यांनी तिथल्या रॉयल कला अकादमीत प्रवेश मिळवला आणि १८९२ मध्ये शिक्षण पूर्ण केले.

पण शिल्पांवर घर चालेना. १८९७ मध्ये पत्नीचे निधन झाले. पदरात दोन लहान मुलगे. मित्रासोबत त्यांनी मातीची कलात्मक भांडी करून पाहिली. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाची दखलही घेतली गेली, पण गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही. अखेर मोगेन्स बालिन या कलावंताच्या धातुकामाच्या कार्यशाळेत ते काम करू लागले आणि पुन्हा हातोडीकडे वळले. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या ब्रेडगेड रस्त्यावर त्यांनी स्वतःची छोटी कार्यशाळा उघडली.

त्यांच्या चांदीत वेगळे काय?

त्या काळी कारखान्यांत साच्यांवर दाबून गुळगुळीत चांदीची भांडी निघत होती. जेन्सन यांच्याकडे पत्रा ठोकून भांडे घडवले जाई. ठोक्यांनी चांदी कडक होते आणि तशीच ठोकत राहिल्यास तडकते. म्हणून ती पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावी लागते. आपल्याकडच्या तांबटांचे मठारलेले तांब्याचे भांडे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे काम नवे वाटणार नाही. शेवटच्या हलक्या ठोक्यांचे ठसे जेन्सन पुसून टाकत नसत. गंधकयुक्त द्रावणाने चांदी काळवंडून घेत आणि मग वरचा भाग उजळत. खाचांतला काळेपणा तसाच राही, त्यामुळे पाने, फुले, द्राक्षांचे घोस उठून दिसत. इथे त्यांच्यातला शिल्पकार स्पष्ट दिसतो. मॅग्नोलियाच्या फुलाचा गेंद झाकणावर असलेली त्यांची १९०५ ची चहाची किटली याचा उत्तम नमुना आहे.

दागिन्यांत हिऱ्यांऐवजी अंबर, पोवळे, चंद्रकांत मणी असे तुलनेने स्वस्त खडे असत. किंमत होती ती घडणावळीची. त्यामुळे मध्यमवर्गीय ग्राहकालाही ते परवडत.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. इतरांनी केलेले डिझाइन त्यांनी स्वतःच्या नावावर खपवले नाही. १९१५ चा ‘एकॉर्न’ हा काटे-चमच्यांचा संच आजही विकला जातो. तो चित्रकार योहान रोडे यांचा म्हणूनच ओळखला जातो.

मग बिनसले कुठे?

मागणीच फार वाढली. १९०९ मध्ये बर्लिनमध्ये दुकान निघाले. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनातील जवळपास सगळ्या वस्तू अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी घेतल्या. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही दुकाने झाली. हाताने घडवायच्या मालाचा व्याप वाढवायचा तर जास्त कारागीर, जास्त जागा आणि विक्री होण्याआधीच चांदीत अडकणारे भांडवल लागते. ते भागधारकांकडून आले. पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली, तेव्हा पैसा पुरवणाऱ्यांचे वजन आणखी वाढले. त्यांत प्रमुख होते पी. ए. पेडर्सन, व्यवसायाने अभियंता. (हा मजकूर लिहिणाराही अभियांत्रिकीचाच पदवीधर, पण पेडर्सन यांना खलनायक ठरवणे खरोखरच सोपे नाही. त्यांचा पैसा नसता तर कार्यशाळा टिकली असती का, हा प्रश्न उरतोच.)

कंपनीच्या दारावर नाव आपले आणि निर्णय दुसऱ्यांचे, अशी जेन्सन यांची स्थिती झाली. साठीच्या उंबरठ्यावर ते पॅरिसला गेले आणि तिथे नव्याने छोटी कार्यशाळा थाटली. ती चालली नाही. थोड्याच काळात ते कोपनहेगनला परतले आणि त्याच कंपनीसाठी काम करत राहिले. २ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुत्र सॉरेन जॉर्ज जेन्सन हे शिल्पकार आणि चांदी-कारागीर दोन्ही झाले. १९६० च्या दशकात कंपनीच्या डिझाइन विभागाची धुरा त्यांच्याकडे आली.