समुद्र घरी आणणारा माणूस

काचेच्या टाकीत पोहणारे रंगीबेरंगी मासे पाहून आपल्याला आनंद होतो. नदीतले किंवा तळ्यातले मासे टाकीत पाळणे फारसे कठीण नाही. पण समुद्रातील जीव घरात जगवणे फार अवघड असते. ही विद्या सामान्य लोकांपर्यंत नेणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव होते फिलिप हेन्री गॉस.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वुस्टर येथे झाला. त्यांचे वडील गावोगाव फिरून लोकांची लहान चित्रे काढत. घरची परिस्थिती बेताचीच होती. गॉस यांचे बालपण पूल नावाच्या बंदरात गेले. तेथे त्यांच्या आत्याने त्यांना कीटकांचे आणि समुद्रपुष्पांचे निरीक्षण करायला शिकवले. समुद्रपुष्प दिसते फुलासारखे, पण तो खडकाला चिकटून राहणारा प्राणी आहे.

वयाच्या सतराव्या वर्षी गॉस न्यूफाउंडलंड बेटावर एका व्यापाऱ्याच्या पेढीत कारकून म्हणून गेले. १८३२ साली त्यांनी सूक्ष्मदर्शकाविषयीचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि त्यांना निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लागली. पुढे त्यांनी कॅनडात शेती केली. ती तोट्यात गेली. अमेरिकेत काही महिने ते शिक्षक होते. १८३९ साली ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता. मात्र वह्या निरीक्षणांनी आणि चित्रांनी भरलेल्या होत्या.

१८५२ साली प्रकृती बिघडल्यामुळे गॉस डेव्हनच्या समुद्रकिनारी राहायला गेले. ओहोटी लागली की ते खडकांतील डबक्यांजवळ तासन्‌तास बसत. समुद्री जीव घरी आणले, तर पाणी लवकर खराब होई आणि ते मरत. यावर उपाय काय? पाण्यात हिरव्या वनस्पती ठेवल्या, तर त्या प्रकाशात प्राणवायू सोडतात आणि प्राण्यांना तो मिळतो. त्या काळात इतरही काही जण असे प्रयोग करत होते. पण समुद्रशैवालाला जमिनीतील झाडांसारखी मुळे नसतात. ते दगडाला घट्ट चिकटलेले असते. ते ओढून काढले तर मरते. म्हणून गॉस छिन्नी-हातोडीने शैवालासह खडकाचा तुकडाच काढून आणत.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. त्यासाठी गॉस यांनी अनेक जीव पुरवले. १८५४ साली त्यांचे मत्स्यालयावरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द या पुस्तकामुळेच लोकांच्या तोंडी बसला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी तयार करण्याची रीतही सांगितली. १८५६ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

त्यांच्या पुस्तकांनी लोकांना वेड लावले. पण त्याचा परिणाम वाईट झाला. घरोघरी मत्स्यालये आली आणि हौशी माणसे टोपल्या व छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर धावली. समुद्रपुष्पांनी बहरलेली डबकी काही वर्षांतच ओसाड झाली. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली आपल्या आठवणींत ही हकिकत लिहिली. ज्या किनाऱ्यावर आपण प्रेम केले, त्याच्या नाशाला आपलीच पुस्तके कारण झाली, याचे गॉस यांना फार दुःख झाले. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

गॉस यांनी आणलेल्या दगडावर शैवालाबरोबर असंख्य सूक्ष्म जीवही असत. अशा दगडाला आज ‘जिवंत खडक’ म्हणतात. त्यावरील जिवाणू माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करतात. त्यामुळे पाणी माशांना राहण्याजोगे होते.

आता असा खडक समुद्रातून तोडून आणण्याची गरज नाही. अनेक जण तो घरी तयार करतात. सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडे मीठ कालवून ओल्या वाळूच्या साच्यात त्याचे ओबडधोबड गोळे करतात. ते घट्ट झाल्यावर कित्येक आठवडे गोड्या पाण्यात ठेवतात आणि पाणी वारंवार बदलतात. मीठ विरघळून दगडात छिद्रे पडतात आणि सिमेंटचा माशांना घातक असा चुन्याचा अंश निघून जातो. मग तो दगड खाऱ्या पाण्यात, जुन्या मत्स्यालयातील जिवंत खडकाच्या लहानशा तुकड्याशेजारी ठेवतात. हळूहळू जिवाणू नव्या दगडाच्या छिद्रांत घर करतात. निर्जीव दगड ‘जिवंत’ होतो. या कामाला काही महिने लागतात.

आपल्या देशात २००१ सालापासून प्रवाळांना कायद्याने संरक्षण दिले आहे. पण केवळ कायदा पुरेसा नाही. आपल्याला धीरही हवा. तयार खडक तोडायला एक घाव पुरतो, घरी खडक घडवायला महिने लागतात. पण त्या महिन्यांत समुद्रातील एकही घर उजाड होत नाही. गॉस यांना हे पाहून नक्कीच समाधान वाटले असते.