बसूनचे शिल्पकार : कार्ल आल्मेनरेडर

पाश्चात्त्य वाद्यवृंदात व्हायोलिनच्या रांगांमागे बसणाऱ्या बसूनवादकाकडे श्रोत्यांचे लक्ष सहसा जात नाही. सनईप्रमाणेच दुहेरी पत्तीवर वाजणारे, पण खर्जात बोलणारे हे लाकडी वाद्य. आज जगभरातील बहुसंख्य वाद्यवृंदांत ते ज्या रूपात ऐकू येते, त्याचा पाया घालणारे कार्ल आल्मेनरेडर मूळचे कारागीर नव्हते, तर स्वतः बसूनवादक होते.

त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १७८६ रोजी जर्मनीतील रोन्सडॉर्फ येथे झाला. हे गाव आज वुपरटाल शहराचा भाग आहे. लहान वयात बसून हाती आला आणि तो ते बव्हंशी स्वतःच शिकले. १८१० मध्ये कोलोनच्या संगीतशाळेत ते अध्यापक झाले आणि १८१२ मध्ये फ्रँकफर्टच्या नाट्यगृहातील वाद्यवृंदात वादक म्हणून रुजू झाले. नेपोलियनविरोधी युद्धाच्या अखेरच्या पर्वात त्यांनी लष्करी बँडचे नेतृत्व केले. १८१७ मध्ये ते माइन्त्सच्या नाट्यगृहात वादन करू लागले.

वादक म्हणून प्रतिष्ठा मिळत असली, तरी वाद्यातील उणिवा त्यांना अस्वस्थ करीत होत्या. बसूनची नळी सुमारे अडीच मीटर लांबीची, दुमडलेली. तिच्यावरील छिद्रे शास्त्रानुसार जिथे असायला हवीत, तिथे माणसाची बोटे पोहोचत नाहीत. म्हणून ती तिरपी आणि बोटांच्या सोयीने पाडली जात. परिणामी काही स्वर दमदार, तर काही दबलेले आणि बेसूर निघत. चांगला वादक ही त्रुटी ओठांच्या दाबाने सावरत असे. पण कष्ट वादकाचे आणि दोष वाद्याचा, हे आल्मेनरेडर यांना मान्य नव्हते.

माइन्त्समध्ये त्यांना गॉटफ्रीड वेबर यांच्या संशोधनाचा आधार मिळाला. पेशाने विधिज्ञ असलेल्या वेबर यांनी सुषिर वाद्यांच्या ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला होता. त्या आधारे आल्मेनरेडर यांनी छिद्रांच्या जागा बदलल्या, चाव्या वाढविल्या आणि त्यांची फेरमांडणी केली. १८२३ मध्ये या सुधारणा त्यांनी प्रबंधरूपाने मांडल्या. पुढे सिद्ध झालेल्या १७ चाव्यांच्या बसूनवर चार सप्तकांचा पल्ला गाठता येऊ लागला.

मधल्या काळात कोलोनमध्ये त्यांनी बासरी आणि क्लॅरिनेट बनविण्याचा कारखाना काढला होता. तो सोडून १८२२ मध्ये ते नासाऊच्या ड्यूकच्या दरबारी वाद्यवृंदात बीब्रिश येथे दाखल झाले. वादनाची नोकरी सांभाळून ऱ्हाईन नदीपलीकडील माइन्त्समध्ये शॉट कंपनीच्या बसूननिर्मितीवर ते देखरेख करीत. तेथेच त्यांना योहान आडाम हेकेल हा तरुण कारागीर भेटला. १८३१ मध्ये दोघांनी बीब्रिशला भागीदारीत कारखाना सुरू केला. तेव्हा आल्मेनरेडर ४५ वर्षांचे होते, तर हेकेल जेमतेम १९ वर्षांचे.

१८४३ मध्ये त्यांचे बसूनवादनाचे शिक्षणपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच दशकात बीब्रिश येथेच त्यांचे निधन झाले. नव्या वाद्यात जुन्या बसूनचा गोडवा उरला नाही, अशी टीका झाली होती. तो दोष दूर करण्याचे काम हेकेल आणि त्यांच्या पुढील पिढ्यांनी केले. साहजिकच वाद्याची ही रचना हेकेल यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची सुरुवात करणाऱ्या वादकाचे नाव मात्र बसूनच्या अभ्यासकांपुरतेच उरले.