विश्लेषण : दादासाहेब फाळकेंनी वाटाण्याचा अंकुर पडद्यावर कसा ‘वाढवला’? रसायनशास्त्राच्या वर्गाशी त्याचा काय संबंध?

मीठ पाण्यात विरघळते तेव्हा नेमके काय होते? आजचे विद्यार्थी याचे उत्तर मोबाइलवर अ‍ॅनिमेशनमध्ये पाहतात. पाण्याचे रेणू मिठाच्या स्फटिकाभोवती गोळा होतात आणि सोडियम व क्लोराइडचे आयन एकेक करून सुटे करतात. प्रत्यक्षात हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. न दिसणारा बदल चित्रामागून चित्र जोडून दाखवण्याचे हे तंत्र भारतात अगदी सुरुवातीला वापरणाऱ्यांमध्ये नाशिक जिल्ह्यातील एक नाव आहे, दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांना माहीत आहे. त्याआधीचा त्यांचा एक छोटा प्रयोग मात्र फारसा सांगितला जात नाही.

रसायनांशी ओळख कुठे झाली?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनंतर फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तेथील प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. फाळके यांची हुशारी पाहून त्यांनी तीनरंगी ब्लॉक आणि डार्करूममधील छपाई शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवले. पुढे गोध्रा येथे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. मात्र प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघेही गेले. त्यानंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी आणि लोणावळ्यात छापखाना अशी वळणे आली.

डोळे आणि विमा, दोन्ही पणाला

१९११ मध्ये मुंबईत गिरगावातील तंबूत येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि फाळके यांनी चित्रपट काढायचे ठरवले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहणे आणि रात्रीची जागरणे यामुळे त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. उपचारांनंतर ती परत आली. मग विमा पॉलिसी गहाण ठेवून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तिथे निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये ते परतले.

वाटाण्याचा प्रयोग काय होता?

कॅमेरा आला, पण चित्रपटासाठी पैसे देणार कोण? हे काम जमते हे आधी दाखवणे भाग होते. फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. सुमारे महिनाभर ठराविक अंतराने ते चित्र टिपत राहिले. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार झाला. महिन्याभराची वाढ प्रेक्षकांनी काही क्षणांत पाहिली. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली.

त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रे सरकत. चित्रे टिपताना दोन चित्रांमधील अंतर वाढवले की दाखवताना वेळ आकसतो. मोबाइलमधील ‘टाइम लॅप्स’ हेच करतो.

फिल्मवर चित्र उमटते कसे?

फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्या कणांत चांदीचे मोजके अणू सुटे होतात. हे चित्र अजून डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपरच्या द्रावणात प्रकाश लागलेले कण पूर्णपणे काळ्या चांदीत बदलतात. उरलेले सिल्व्हर ब्रोमाइड ‘हायपो’ धुऊन काढतो.

फाळके यांच्या घरी हे काम त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई करत. रसायने मिसळणे, फिल्म डेव्हलप करणे, कच्च्या फिल्मला कडेने छिद्रे पाडणे हे सारे त्या शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच पाहत. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी फाळके यांनी आपले काम नाशिकला हलवले.

आगकाड्या आणि रेणूंचा संबंध काय?

१९१५ च्या सुमारास फाळके यांनी आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. काडी थोडी सरकवायची, चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची. निर्जीव काड्या पडद्यावर आपोआप चालू लागतात.

रसायनशास्त्राच्या अ‍ॅनिमेशनची मुळे या दोन्ही युक्त्यांत आहेत. अंकुर फार सावकाश वाढतो, म्हणून त्याची वाढ दिसत नाही. तिथे वेळ आकसावा लागतो. पाण्याचे रेणू अतिशय लहान असतात आणि सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात आपले शेजारी बदलतात. तिथे वेळ ताणावा लागतो. शिवाय रेणूंसमोर कॅमेरा रोवता येत नाही. म्हणून काड्यांप्रमाणे त्यांच्या जागी गोळे हलवावे लागतात.

विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावे?

वाटाण्याची फिल्म खऱ्या रोपाची होती. रेणूंचे अ‍ॅनिमेशन हे खरे छायाचित्रण नसते, ते गणित आणि प्रयोगांवरून केलेले चित्र असते. ऑक्सिजन लाल आणि हायड्रोजन पांढरा हा केवळ संकेत आहे, अणूंना असा रंग नसतो. पडद्यावर रेणूंमध्ये भरपूर मोकळी जागा दिसते, प्रत्यक्ष पाण्यात ते दाटीवाटीने असतात. काय खरे आणि काय सोयीसाठी, हे शिक्षकांनी सांगितले नाही तर मुले लाल गोळाच पाठ करतात.

फाळके यांना हा फरक ठाऊक होता. १९१७ च्या सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढून पडद्यामागील कामही प्रेक्षकांसमोर ठेवले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांचा पहिला प्रयोग करून पाहायला आज कर्ज लागत नाही. एक कुंडी, मूठभर वाटाणे आणि खिडकीत स्थिर ठेवलेला मोबाइल पुरेसा आहे.