विश्लेषण : पाच वेळा तुरुंग, तरी क्लब सुरूच! कोण होत्या लंडनच्या ‘नाइटक्लब क्वीन’ केट मेरिक?

नाइटक्लबच्या धंद्यात गर्दी खेचणे हेच सगळ्यात अवघड, असे बाहेरून वाटते. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये केट मेरिक या आयरिश महिलेने ते काम सहज करून दाखवले. राजघराण्यातल्या मंडळींपासून चित्रकारांपर्यंत सगळे त्यांच्या क्लबमध्ये येत. तरीही १३ वर्षांच्या कारकिर्दीत त्या पाच वेळा तुरुंगात गेल्या. असे का झाले? कायद्याची अडचण नेमकी काय होती? आणि एका पोलीस सार्जंटच्या लॉकरमधल्या नोटांनी त्यांना कसे गोत्यात आणले?

धंद्यात पाऊल कसे पडले?

केट यांचा जन्म १८७५ मध्ये आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ झाला. डॉक्टर फर्डिनंड मेरिक यांच्याशी लग्न झाल्यावर त्या इंग्लंडमध्ये आल्या. पहिले महायुद्ध संपता संपता संसार मोडला. मुले महागड्या बोर्डिंग शाळांमध्ये शिकत होती आणि फीचा भार एकट्या केट यांच्यावर आला. तेव्हा त्यांचे वय ४३ होते.

अशा वेळी ‘टी डान्स’ चालवण्यासाठी भागीदार हवा असल्याची वर्तमानपत्रातली जाहिरात त्यांनी पाहिली. टी डान्स म्हणजे दुपारचा चहा, सोबत वाद्यवृंद आणि नाच. जागा मिळाली, वादक ठरवले आणि तिकीट लावले की काम सुरू. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आणि तरुण मुलींना तेव्हा नाचाचे वेड लागले होते. १९१९ मध्ये लेस्टर स्क्वेअरमधल्या ‘डाल्टन्स’ क्लबात केट भागीदार झाल्या.

कमी भांडवलात, दुसऱ्याच्या जोडीने कार्यक्रम चालवायचे, गर्दीचा अंदाज घ्यायचा आणि मग स्वतःची जागा घ्यायची, हा या धंद्यातला आजही रुळलेला रस्ता आहे. केट त्याच रस्त्याने गेल्या. मात्र ‘डाल्टन्स’वर पोलिसांचा छापा पडला, दंड झाला आणि क्लब बंद झाला. पहिल्याच प्रयत्नात त्यांना गर्दीही दिसली आणि पोलीसही.

‘४३’ क्लबचे गणित काय होते?

१९२१ मध्ये त्यांनी सोहो भागातल्या ४३, जेरार्ड स्ट्रीट या इमारतीत क्लब काढला. घराचा नंबर हेच क्लबचे नाव झाले. लंडनचे चायनाटाउन आज याच रस्त्यावर आहे.

नाटकांचे खेळ सुटले आणि पब बंद झाले की घरी जायची इच्छा नसलेले लोक कुठे जाणार? ‘४३’ हे त्याचे उत्तर होते. वाद्यवृंद पहाटेपर्यंत वाजायचा, शेवटी नाश्ताही मिळायचा. एकट्या आलेल्या पुरुषांसोबत नाचण्यासाठी क्लबने तरुणी ठेवल्या होत्या. दाराशी टेबलामागे स्वतः केट बसत. कोण आले, कोणाला आत घ्यायचे आणि गल्ल्यात किती जमले, हे सगळे त्यांच्या नजरेखालून जाई.

ऑगस्टस जॉनसारखे चित्रकार, जेकब एपस्टाइनसारखे शिल्पकार, उमराव, गुन्हेगार, सगळे एकाच छताखाली दिसत. पुढे केट यांनी आणखी क्लब काढले. त्यात रीजंट स्ट्रीटवरचा, काचेच्या डान्स फ्लोअरचा ‘सिल्व्हर स्लिपर’ सर्वाधिक गाजला.

मग अडचण कुठे होती?

अडचण घड्याळात होती. युद्धकाळात कामगारांच्या दारूमुळे उत्पादन घटते, या कारणावरून ब्रिटिश सरकारने मद्यविक्रीच्या वेळांवर बंधने घातली. युद्ध संपले, पण १९२१ च्या कायद्याने ही बंधने कायम केली. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये मद्यविक्री रात्री ११ पर्यंत, तीही जेवणासोबत असेल तर फार तर साडेबारापर्यंत करता येई.

सभासदांच्या क्लबना मात्र एक पळवाट होती. क्लबातली दारू सभासदांच्याच मालकीची मानली जाई. त्यामुळे पबसारखा परवाना लागत नसे, न्यायालयाच्या कार्यालयात नोंदणी केली की भागे. नोंदणीकृत क्लबमध्ये पोलिसांना वॉरंटशिवाय शिरता येत नसे. पण विक्री फक्त सभासदांना आणि ठरलेल्या वेळेतच करावी लागे.

‘४३’मध्ये दारात पैसे भरणारा कोणीही आत जाई आणि दारू रात्रभर मिळे. वेळ पाळायची तर साडेबाराला विक्री थांबवावी लागली असती, आणि खरी गर्दी तर त्याच सुमारास सुरू होई. म्हणजे कायदा पाळला तर धंदा बसणार आणि धंदा चालवला तर कायदा मोडणार. केट यांनी धंदा निवडला.

साध्या वेशातले, ग्राहक बनून आलेले पोलीस पुरावे गोळा करू लागले. १९२४ मध्ये बेकायदा मद्यविक्रीसाठी केट यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी हॉलोवे तुरुंगात झाली. बाहेर क्लब मुलींनी सांभाळला. त्याच वर्षअखेरीस विल्यम जॉयन्सन-हिक्स गृहमंत्री झाले. कडक धार्मिक वळणाच्या या मंत्र्याने नाइटक्लबांविरुद्ध मोहीमच उघडली. १९२८ मध्ये केट यांना पुन्हा सहा महिन्यांची शिक्षा झाली.

हप्त्याचे प्रकरण काय होते?

या मोहिमेत सोहोतल्या क्लबवर लक्ष ठेवण्याचे काम सार्जंट जॉर्ज गोडार्ड यांच्याकडे होते. ते क्लबमालकांकडून पैसे खातात, अशी तक्रार त्यांच्याच एका सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी केली होती. वरिष्ठांनी ती खोटी ठरवली आणि तक्रार करणाऱ्यालाच पोलीस दल सोडावे लागले.

१९२८ मध्ये एका निनावी पत्रामुळे पुन्हा चौकशी झाली. आठवड्याला सहा-सात पौंड पगार घेणाऱ्या गोडार्ड यांच्याकडे स्वतःचे घर आणि मोटार होती. लॉकरमध्ये १२ हजार पौंडांहून अधिक रोकड निघाली. घोड्यांवरच्या पैजा आणि इतर उद्योगांतून हा पैसा मिळाला, असा त्यांचा बचाव होता.

पण त्या काळी बँका मोठ्या नोटांचे क्रमांक आणि त्या कोणाला दिल्या, याची नोंद ठेवत. लॉकरमधल्या काही नोटांचा माग थेट केट मेरिक यांच्यापर्यंत पोहोचला. छाप्यांपासून संरक्षण मिळावे म्हणून दिलेला पैसाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

जानेवारी १९२९ मध्ये गोडार्ड यांना १८ महिने सक्तमजुरी आणि दोन हजार पौंड दंड झाला. केट आणि आणखी एक क्लबमालक लुइगी रिबुफी यांना प्रत्येकी १५ महिने सक्तमजुरी झाली. जुन्या तक्रारदार पोलिसाला नंतर भरपाई देण्यात आली.

शेवट कसा झाला?

सुटकेनंतर केट पुन्हा क्लबकडे वळल्या आणि आणखी दोनदा तुरुंगात गेल्या. तब्येत खालावत गेली. अखेर १९३२ मध्ये त्यांनी यापुढे नाइटक्लब चालवणार नाही, अशी हमी न्यायालयात दिली. जानेवारी १९३३ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, फ्लूच्या आजारात त्यांचे निधन झाले. हातून अमाप पैसा गेला होता, मागे फारसे काही उरले नव्हते.

मात्र ज्यासाठी हा खटाटोप सुरू झाला, ती मुले शिकली. त्यांच्या हयातीतच दोन मुलींची लग्ने उमराव घराण्यांत झाली. ज्या समाजाचे कायदे त्यांना तुरुंगात पाठवत होते, त्याच समाजाच्या वरच्या थरात लेकी नांदू लागल्या.

आज त्यांची आठवण का?

एव्हलिन वॉ यांच्या ‘ब्राइड्सहेड रीव्हिजिटेड’ कादंबरीतली क्लबवाली मा मेफिल्ड केट यांच्यावरूनच बेतली आहे. केट अॅटकिन्सन यांच्या २०२२ च्या ‘श्राइन्स ऑफ गेयटी’ या कादंबरीमागेही त्यांचेच आयुष्य आहे.

इंग्लंडमध्ये मद्यविक्रीच्या वेळा खऱ्या अर्थाने सैल झाल्या त्या नोव्हेंबर २००५ मध्ये. नव्या कायद्यानुसार परवाना मिळाल्यास रात्रभर विक्री करता येऊ लागली. केट यांच्या मृत्यूला तेव्हा ७३ वर्षे होत आली होती. जागा, वाद्यवृंद, ग्राहकांची पारख, त्यांच्याकडे सगळे होते. नव्हता तो पहाटेपर्यंत विक्री करू देणारा परवाना. तो मिळण्याची सोयच कायद्यात नव्हती, म्हणून त्यांनी हप्ता देऊन वेळ विकत घेतली आणि तिची किंमत तुरुंगात मोजली.