आपल्या नगरच्या लक्ष्मीबाई

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादिकाबाईंनी मला कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र थोडक्यात लिहावयास सांगितले. त्यांचा ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचलेला आहे, निदान शाळेच्या पुस्तकात त्यातला एखादा धडा तरी. तेव्हा सगळे सांगत बसत नाही. शाळेची पायरीही न चढलेली ही बाई लिहिती कशी झाली, आणि त्यात आपल्या गावाचा वाटा काय, एवढेच सांगते. हेच का, ते शेवटी सांगेन. त्यात माझी शोभा नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर गावी झाला. माहेरच्या त्या गोखले, नाव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही, असा तो कहर होता. अशा घरात मुलीच्या पाटीपुस्तकाचा विचार कोण करणार? १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षी, नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. अक्षरओळख झाली ती त्यानंतर, नवऱ्याकडून. टिळक मोठे कवी, बुद्धिमान, पण तापट आणि अत्यंत उधळ्या मनाचे. हातात पैसा आला की घरी पोचण्याआधी दुसऱ्याच्या हातात जायचा. बायकोला शिकविण्याचा उत्साह एक दिवस उसळावा आणि दुसऱ्या दिवशी ओसरावा, असे चाले. त्यामुळे लक्ष्मीबाई वाचू लागल्या खऱ्या, पण जोडाक्षर समोर आले की अडखळत.

पुढचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंच्या पदरात त्या वेळी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत असून त्याच्यापासून तुटलेली बाई, अशी त्यांची स्थिती झाली. नाशिकला, पंढरपूरला नातेवाइकांच्या आश्रयाने त्यांनी चारपाच वर्षे काढली. त्या काळात अशा बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना आपल्यातल्या वडीलधाऱ्या भगिनींना सहज येईल. मनातले दुःख कोणापाशी बोलावयाचे? याच दिवसांत त्या ते पद्यात उतरवू लागल्या. कोणी वाचावे म्हणून नव्हे. मला तर त्यांच्या लेखनाचे मूळ येथेच आहे असे वाटते, नवऱ्याच्या शिकवणीत तितकेसे नाही.

आणि मग त्या नगरला आल्या. टिळक येथे अमेरिकन मिशनमध्ये काम करीत. एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनीही कधी जबरदस्ती केली नाही, ही त्या तापट माणसाची मोठी गोष्ट म्हणावी लागेल. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हे एके दिवशी त्यांचे त्यांनाच उमगले आणि कोणाच्याही हातचे खावयाचे असे त्यांनी ठरवून टाकले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमारास नगरला प्लेगने थैमान घातले होते. मिशनच्या मुलींना गावाबाहेर छावणीत नेऊन ठेविले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या सोबतीला व शुश्रूषेला जाऊन राहिल्या. भीती त्यांना वाटत नसेल असे नाही, पण त्या गेल्या.

आपले गाव लिहिण्यावाचण्याच्या बाबतीत तसे दरिद्री नाही. नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी संतांची चरित्रे ओवीबद्ध केली. ‘ज्ञानोदय’ हे वृत्तपत्र १८४२ साली येथूनच निघाले, आणि त्याच पत्रात १८५५ साली पुण्याच्या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. तो आजही वाचवत नाही इतका खरा आहे. याच ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले.

पण मला सांगावयाचे आहे ते टिळकांच्या घराविषयी. आज आपल्या गावात लेखनाच्या कार्यशाळा होतात, नवोदितांची संमेलने भरतात. १९९७ साली तर सत्तरावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, ना. सं. इनामदार यांच्या अध्यक्षतेखाली, नगरलाच भरले होते. शंभर-सव्वाशे वर्षांमागे यातले काहीच नव्हते. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते, आणि ते घडवून आणण्यात टिळकांचा पुढाकार होता. तेथे धरणगावकडचा सतरा वर्षांचाही न झालेला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखविली. अध्यक्षांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. त्र्यंबक बापूजी ठोमरे तो हा. सभेत टाळ्या मिळाल्या, पदवी मिळाली. पण संमेलन दोन दिवसांत उठते. मग त्या पोराने जावयाचे कोठे? तो टिळकांच्या घरी, नगरला आला. काही काळ त्याने येथल्या मिशनच्या शाळेत शिकविलेही.

आपण चरित्रे वाचतो तेव्हा टिळकांनी बालकवींना आश्रय दिला, असे एका ओळीत वाचून पुढे जातो. आश्रय म्हणजे काय, हे घर चालविणाऱ्या बाईला विचारावे. ताटात एक वाढीव भाकरी, एक अंथरूण, रुसवेफुगवे, आजारपण. ठोमरे हळव्या मनाचा मुलगा, आणि टिळकांचा स्वभाव तर वर सांगितलाच. या दोघांच्या मध्ये लक्ष्मीबाई होत्या. त्यांनी त्या मुलावर आईची माया केली, आणि पुढे ‘स्मृतिचित्रां’त त्याचे जे चित्र काढले त्यात कवीपेक्षा घरातले पोरच अधिक दिसते. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

नगरला आणि राहुरीला त्यांचे घर कायम असेच भरलेले असे. कोणी अनाथ मूल, कोणी विद्यार्थी, कोणी पाहुणा. कविता त्या घरात मीठमिरचीसारखी सहज वावरत होती. वाचून दाखवावे, ऐकावे, भांडावे, खोडावे, पुन्हा लिहावे. आजच्या भाषेत त्याला कार्यशाळा म्हणावयाचे. फरक इतकाच की त्या कार्यशाळेतल्या एका विद्यार्थिनीला स्वयंपाकही करावा लागे आणि तिचे नाव पटावर नव्हते.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले. त्यानंतरच्या सतरा वर्षांत लक्ष्मीबाईंनी जे केले ते मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे वाटते. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते, त्याचे ११ अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यापुढे ६४ लिहिले. काही वर्षे त्या मुलाबरोबर कराचीला होत्या, नंतर नाशिकला. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होता; त्याला उपयोगी पडावे म्हणून त्या आठवणी टिपू लागल्या. त्या टिपणांचीच ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ ते १९३६ या काळात ती चार भागांत निघाली. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. जोडाक्षरापाशी अडखळणारी बाई संमेलनाच्या अध्यक्षस्थानी बसली! २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रां’चे इंग्रजी भाषांतर १९५० साली निघाले आणि २०१७ साली शांता गोखले यांनी ते पुन्हा नव्याने केले.

ती भाषा पाहा. माजघरात बसून बाई बोलत आहे असे वाटते. स्वतःची फजिती त्या जितक्या मोकळेपणाने सांगतात तितक्याच मोकळेपणाने नवऱ्याचीही, आणि त्यात कडवटपणा कोठे नाही. शाळेत शिकून ही भाषा आली असती काय? मी एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकविले. मला या प्रश्नाचे उत्तर आवडत नाही.

आता ते शेवटी सांगावयाचे. दोन वर्षांमागे आपल्या मंडळात शनिवारचा लेखनवर्ग सुरू झाला, तेव्हा तो चालविण्याचे काम माझ्याकडे आले. चौथ्या की पाचव्या शनिवारी आपल्यातली एक भगिनी वहीची दोन पाने घेऊन आली. तिचे बालपण आईबापांबरोबर ऊसतोडीला जाण्यात गेले. पहाटे बैलगाडीत झोपलेली भावंडे, उसाच्या पाचटाची कोपी, आणि त्या कोपीत धाकट्या बहिणीचा झालेला जन्म, असे तिने लिहिले होते. मी ती पाने घरी नेली आणि सवयीने तांबडी पेन्सिल उचलली. पाण्यातला न चा ण केला, व्हतीची होती केली, ऱ्हस्वदीर्घ सुधारले, दोन वाक्ये उलटीपालटी केली. पुढच्या शनिवारी सगळ्यांदेखत पाने परत दिली आणि प्रयत्न चांगला आहे असेही म्हणाले. तिने ती पाने उघडून पाहिली, चौघडी घातली आणि पिशवीत ठेविली. त्यानंतर ती हळदीकुंकवाला येते, भजनाला येते, लेखनवर्गाला येत नाही.

या लेखासाठी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून बसले तेव्हा कितीदा तरी मला ती दोन पाने आठवली. परवा धीर करून तिच्या घरी गेले. चहा झाला, नातवाच्या परीक्षेचे बोलणे झाले. अखेरीस मी पाने मागितली. ती रद्दीत गेली, असे तिने सांगितले, आणि अगदी सहज सांगितले. मी माझी चूक बोलून दाखविली. पुन्हा लिहाल का, जसे बोलता तसेच, मी एका अक्षराला हात लावणार नाही, असे विचारले. तिने लगेच हो म्हटले नाही. बाहेर वाळत घातलेले कपडे आत आणले, घड्या केल्या. मग म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते.

स्मरणिका त्याआधी छापावयास द्यावी लागली. तेव्हा तिचा लेख या अंकात नाही.